वाय-फाय सारखं लॉगिन मागतं? आकडा वाढवण्याआधी कोणता टायमर संपतोय ते ओळखा

तक्रार एका ओळीची असते: वाय-फाय सारखं लॉगिन मागतं. उपायही ठरलेला असतो. ॲक्सेस पॉइंटच्या (एपी, म्हणजे वाय-फाय पसरवणारं यंत्र) सेटिंगमध्ये सेशन टाइमआउटची (एका लॉगिनच्या मुदतीची) चौकट शोधायची, आकडा दहापट करायचा, सेव्ह करायचं. दोन दिवसांनी तीच तक्रार परत हजर. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार आहे. ॲक्सेस पॉइंट, पोर्टल (लॉगिनचं पान), रेडियस सर्व्हर (खाती तपासणारा), डीएचसीपी (आयपी पत्ते वाटणारी सेवा) आणि हातातला फोन, या प्रत्येकाचे स्वतःचे टायमर असतात. ते सगळे एकाच वेळी चालू असतात आणि ज्याची मुदत आधी संपते तो माणसाला बाहेर काढतो. बाकीच्यांचे आकडे कितीही मोठे ठेवले तरी त्यांची पाळीच येत नाही.

लॉगिन नक्की कुणाचं?

'लॉगिन सेशन' या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे ॲडमिनचं लॉगिन, म्हणजे एपीचं वेब पान किंवा एसएसएच (आज्ञा टाइप करून यंत्र चालवायची जोडणी). दुसरी म्हणजे कॅप्टिव्ह पोर्टल, ज्यात वाय-फाय जोडल्यावर ब्राउझरमध्ये पान उघडून मोबाइल नंबर, कूपन किंवा युझरनेम मागितलं जातं. तिसरी ८०२.१एक्स, म्हणजे एंटरप्राइझ पद्धतीचं वाय-फाय. त्यात प्रत्येकाचं खातं वेगळं असतं आणि तपासणी रेडियस सर्व्हर करतो. या तिघांचे टायमर वेगळ्या ठिकाणी असतात आणि एकाचा बदल दुसऱ्याला लागू होत नाही. ॲडमिन पानावरचा 'वेब सेशन टाइमआउट' वाढवून पाहुण्यांचं पोर्टल सुधारेल, ही अपेक्षा बऱ्याच ठिकाणी दिसते. तसं होत नाही.

घरगुती पद्धतीच्या, सगळ्यांना एकच पासवर्ड असलेल्या नेटवर्कमध्ये असं लॉगिन सेशन मुळात नसतंच. तिथे फोन पुन्हा पासवर्ड विचारत असेल तर कारण चुकीचा पासवर्ड, अशक्त सिग्नल किंवा सुरक्षा पद्धतीचा मेळ न बसणं यांपैकी काहीतरी असतं. या लेखातला कोणताही आकडा त्यावर चालणार नाही.

आधी वेळ मोजा

कुठलीही सेटिंग बदलण्याआधी एक चाचणी करा. त्यासाठी दोन उपकरणं लागतात.

१. लॅपटॉप चार्जरला लावा, त्याची स्लीप पूर्ण बंद करा. लॉगिन करून बाहेरच्या एखाद्या पत्त्याला दर सेकंदाला पिंग (उत्तर मागणारं छोटं पॅकेट) चालू ठेवा आणि उत्तरं वेळेसकट फाइलमध्ये जमा होऊ द्या. पिंग गेटवेलाच (बाहेरच्या नेटकडे नेणाऱ्या राउटरला) करू नका. काही पोर्टल फक्त पलीकडे जाणारी रहदारी मोजतात, गेटवेपाशी थांबणारी मोजत नाहीत.

२. त्याच मिनिटाला फोनवर लॉगिन करा, स्क्रीन बंद करा आणि फोन तसाच ठेवून द्या. दर थोड्या वेळाने उचलून बघायचा मोह टाळा. प्रत्येक वेळी उचलला की आयडल टायमर (रहदारी नसलेला वेळ मोजणारा) शून्यावर जातो आणि चाचणी वाया जाते.

३. दोन्हींची लॉगिनची वेळ आणि तुटण्याची वेळ लिहा. निदान दोन फेऱ्या करा.

रहदारी चालू असतानाही लॅपटॉप ठरावीक वेळाने बाहेर पडला आणि दोन्ही फेऱ्यांत तेवढाच वेळ लागला, तर सेशनची पक्की मुदत संपते आहे. लॅपटॉप टिकला आणि फोन पडला, तर आयडल किंवा कीपअलाइव्ह (उपकरण तपासणीला उत्तर देतं का ते बघणारा) टायमर. सगळे जण एकाच क्षणी पडले तर टाइमआउटचा संबंध नाही: एपी रीबूट झाला, कंट्रोलरने (अनेक एपी चालवणाऱ्या यंत्राने) नवीन कॉन्फिगरेशन ढकललं, किंवा कुणीतरी रात्रीचं वेळापत्रकी रीस्टार्ट लावून ठेवलं आहे. पोर्टलची सेशनं रॅममध्ये ठेवणारं यंत्र रीबूट झालं की सगळ्यांना विसरतं. जागा बदलली की लॉगिन मागतं, तर रोमिंग (एका एपीवरून दुसऱ्यावर जाणं). आणि एकाच माणसाला दर काही दिवसांनी मागतं, बाकीचे निवांत, तर फोनचा मॅक पत्ता (नेटवर्कवर उपकरणाची ओळख सांगणारा क्रमांक) बदलतो आहे.

मोजलेला आकडा पुष्कळदा स्वतःच बोलतो. ३०० सेकंद ही हॉस्टएपीडी या एपी चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची निष्क्रियतेची मूळ मुदत आहे आणि सिस्कोच्या जुन्या एअरओएस कंट्रोलरवर युझर आयडल टाइमआउटही तेवढाच आहे. १८०० सेकंद हा त्याच कंट्रोलरचा ८०२.१एक्स नेटवर्कसाठीचा मूळ सेशन टाइमआउट. ३६०० हा हॉस्टएपीडीमध्ये पुन्हा ओळख पटवण्याचा कालावधी. ४३,२०० सेकंद, म्हणजे १२ तास, हे पीएमके या मुख्य किल्लीचं मानकातलं मूळ आयुष्य. दोन मिनिटं ही मायक्रोटिक राउटरवरच्या हॉटस्पॉट पोर्टलची कीपअलाइव्ह मुदत. यांतला एखादा आकडा हुबेहूब मिळाला की निम्मं काम झालं, कारण तो कुणी मुद्दाम ठेवलेला नसून कारखान्यातून आलेला असण्याची शक्यताच जास्त.

लॉग काय म्हणतो

एपीच्या लॉगमध्ये डीऑथेंटिकेशन किंवा डिसअसोसिएशनच्या (जोडणी तोडल्याच्या) ओळीत एक कारण क्रमांक असतो. २ म्हणजे आधीची ओळख आता वैध नाही. ३ आणि ८ म्हणजे समोरचा आपणहून निघून गेला, त्यात टाइमआउटचा दोष नाही. ४ म्हणजे निष्क्रियतेमुळे काढला. १५ म्हणजे चार टप्प्यांची किल्ली-देवाणघेवाण वेळेत पुरी झाली नाही, १६ म्हणजे गटाची किल्ली बदलताना उत्तर आलं नाही, आणि २३ म्हणजे ८०२.१एक्सची ओळख पटली नाही. १५ किंवा १६ दिसत असेल तर सेशन टाइमआउट सोडून द्या आणि सिग्नल, चॅनेलची गर्दी, फोनच्या वीजबचतीचे प्रकार यांकडे वळा.

रेडियस असेल तर अकाउंटिंगच्या (वापराच्या) नोंदी सोन्यासारख्या. सेशन संपल्याच्या नोंदीत ४६ क्रमांकाच्या गुणधर्मात सेशन किती सेकंद चाललं ते आणि ४९ मध्ये ते का संपलं ते येतं. ४९ ची किंमत १ असेल तर वापरकर्त्याने स्वतः बंद केलं, २ म्हणजे जोडणी हरवली, ४ म्हणजे आयडल टाइमआउट, ५ म्हणजे सेशन टाइमआउट, ६ म्हणजे ॲडमिनने काढलं, ७ म्हणजे ॲडमिनने यंत्र रीबूट केलं, २० म्हणजे पुन्हा ओळख पटवताना अपयश. गेल्या आठवड्याच्या नोंदी ४९ च्या किमतीनुसार मोजून बघा. एका मिनिटात कळतं की लोक कशामुळे पडत आहेत.

रेडियस: एपीवर एक आकडा, घडतंय भलतंच

एपीवर ८ तास लावलेत आणि माणसं ४० मिनिटांत बाहेर, असं असेल तर पहिला संशय रेडियसवर घ्या. आरएफसी २८६५ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) प्रमाणे सर्व्हर आपल्या होकारासोबत तीन गुणधर्म पाठवू शकतो: २७ म्हणजे सेशन-टाइमआउट, २८ म्हणजे आयडल-टाइमआउट, २९ म्हणजे टर्मिनेशन-ॲक्शन (मुदत संपल्यावर काय करायचं ते). पहिले दोन सेकंदांत असतात. सर्व्हरकडून २७ आला की बहुतेक उपकरणं स्वतःचा आकडा बाजूला ठेवून तोच पाळतात. सिस्कोच्या कंट्रोलरवर त्यासाठी त्या नेटवर्कचं एएए ओव्हरराइड (सर्व्हरचा आकडा पाळायला लावणारी सेटिंग) चालू असावं लागतं. ते बंद असेल तर उलटी तक्रार येते, की सर्व्हरवर बदल केला पण काहीच फरक पडला नाही.

दर वेळी वेगवेगळ्या मुदतीनंतर सेशन तुटत असेल तर फ्रीरेडियस या रेडियस सर्व्हरमधले तीन मॉड्यूल तपासा. खात्याला संपण्याची तारीख असेल तर एक्स्पिरेशन मॉड्यूल उरलेले सेकंद सेशन-टाइमआउट म्हणून पाठवतं. खात्याला ठरावीक तासांतच परवानगी असेल तर लॉगिनटाइम मॉड्यूल त्या खिडकीचा उरलेला वेळ पाठवतं. आणि रोजच्या वापराची मर्यादा लावली असेल तर एसक्यूएलकाउंटर उरलेला कोटा पाठवतं. म्हणजे दुपारी साडेपाचला लॉगिन केलेला माणूस सहाला पडतो आणि सकाळी आलेला दिवसभर टिकतो. वरवर पाहता नेटवर्क लहरी वाटतं, प्रत्यक्षात सर्व्हर अगदी नियमाने चाललेला असतो. सर्व्हर डीबग मोडमध्ये चालवून होकाराच्या पॅकेटमधला २७ वाचा. अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे लवकर होतं.

आता २९ कडे. ८०२.१एक्सच्या जगात याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. आरएफसी ३५८० सांगते की २७ सोबत २९ ची किंमत १ आली, तर मुदत संपल्यावर सेशन तोडायचं नाही, फक्त पुन्हा ओळख पटवायची. २९ आलाच नाही किंवा त्याची किंमत ० असली, तर सेशन थेट संपवायचं. पहिल्या प्रकारात फोन पार्श्वभूमीवर ओळख देतो आणि माणसाला काही कळत नाही. दुसऱ्या प्रकारात जोडणी तुटते, चालू कॉल पडतो, आणि पासवर्ड साठवलेला नसेल किंवा एकदाच चालणारा असेल तर समोर लॉगिनची चौकट येते. अशा वेळी २७ चा आकडा वाढवायची गरज बहुधा नसते. २९ ची किंमत १ करा, काम होतं.

त्याच आरएफसीतली एक बारकी गोष्ट: २७ हा गुणधर्म होकारात न येता मधल्या आव्हानाच्या पॅकेटमध्ये आला तर त्याचा अर्थ बदलतो. तिथे तो सेशनची मुदत सांगत नाही, फोनच्या उत्तराची किती सेकंद वाट बघायची ते सांगतो. पॅकेट कॅप्चरमध्ये ३० दिसला म्हणून 'सेशन ३० सेकंदांचं आहे' असा निष्कर्ष काढण्याआधी पॅकेट कोणतं आहे ते बघा.

पोर्टल आणि झोपणारे फोन

पोर्टलच्या तक्रारींत आयडल आणि कीपअलाइव्हचा वाटा मोठा असतो, आणि त्याचं मूळ फोनच्या वीजबचतीत आहे. स्क्रीन बंद झाली की फोनची रहदारी एकदम घटते. पाच मिनिटं काही न पाठवणं त्याच्यासाठी अगदी सहज आहे.

हॉस्टएपीडी इथे समंजसपणे वागतो. ३०० सेकंद शांतता दिसली की तो आधी एक रिकामी फ्रेम पाठवून समोरचा आवाक्यात आहे का ते तपासतो आणि पोच आली नाही तरच काढतो. 'स्किप इनॅक्टिव्हिटी पोल' ही सेटिंग १ असेल तर मात्र ही विचारपूस होत नाही, सरळ हकालपट्टी. एअरओएस कंट्रोलरवर ३०० सेकंदांनी उपकरणाची नोंदच जाते आणि वेब लॉगिन पुन्हा करावं लागतं. त्यावर सिस्कोने 'स्लीपिंग क्लायंट' नावाची सोय दिली आहे. तिची मूळ मुदत १२ तास आहे, पण ती नेटवर्कवर स्वतंत्रपणे चालू करावी लागते.

मायक्रोटिकवर टायमर दोन ठिकाणी आहेत आणि गोंधळ तिथेच होतो. हॉटस्पॉट सर्व्हरच्या पानावरचा ५ मिनिटांचा आयडल टाइमआउट लॉगिन न केलेल्या उपकरणांसाठी आहे. लॉगिन झालेल्यांचे आकडे युझर प्रोफाइलमध्ये असतात, आणि तिथे मूळ आयडल टाइमआउट लावलेलाच नसतो, कीपअलाइव्ह मात्र २ मिनिटं असतो. फोन झोपला, दोन मिनिटं तपासणीला उत्तर दिलं नाही, की लॉगआउट. लॉगमध्ये कारण स्पष्ट लिहिलेलं असतं: कीपअलाइव्ह टाइमआउट, आयडल टाइमआउट, सेशन टाइमआउट, किंवा डीएचसीपी लीज (उपकरणाला दिलेल्या आयपी पत्त्याची मुदत) हरवली. उपाय असा:

– युझर प्रोफाइलमध्ये कीपअलाइव्ह ३० मिनिटं करा.
– सर्व्हर प्रोफाइलच्या लॉगिन पद्धतींमध्ये मॅक कुकी चालू करा आणि युझर प्रोफाइलमध्येही तिला परवानगी द्या. तिची मूळ मुदत ३ दिवस आहे. त्या काळात ओळखीचा मॅक पत्ता परत आला की लॉगिन आपोआप होतं.
– एकक लिहायला विसरू नका. नुसता ३० टाकला तर राउटर त्याला ३० सेकंद समजतो.

कीपअलाइव्ह आणि आयडल दोन्ही बंद करून मोकळं व्हायचा मोह होतो, पण तसं करू नका. मूळ प्रोफाइलमध्ये एका खात्यावर एकच सेशन चालतं. माणूस निघून गेला तरी त्याचं जुनं सेशन यादीत पडून राहतं, आणि तो दुसऱ्या उपकरणावरून आला की 'या खात्यासाठी आणखी सेशनला परवानगी नाही' असा संदेश मिळतो. म्हणजे लवकर लॉगआउट होण्याची तक्रार गेली आणि लॉगिनच न होण्याची आली.

ओपनएनडीएस या पोर्टल सॉफ्टवेअरमध्ये सगळे आकडे मिनिटांत आहेत. सेशन १४४०, म्हणजे पूर्ण दिवस. लॉगिन झालेल्यांसाठी आयडल १२०, लॉगिन व्हायच्या आधीचा आयडल ३०. सेकंद समजून ३६०० टाकलं तर एक तासाऐवजी अडीच दिवस होतात. पीएफसेन्स या फायरवॉलचे आयडल आणि हार्ड टाइमआउटही (पक्की मुदत) मिनिटांतच, पण त्याच्याच डीएचसीपीची लीज सेकंदांत आणि मूळ ७२०० ची. सेशन ८ तासांचं आणि लीज २ तासांची असेल, तर माणूस गेल्यावर त्याचा आयपी पत्ता दुसऱ्याला मिळू शकतो आणि पोर्टलच्या वहीत मात्र तो अजून पहिल्याच्या नावावर असतो. मॅक तपासणी बंद असेल तर दुसरा फुकटात आत, चालू असेल तर दुसरा विनाकारण अडकलेला. म्हणून लीज नेहमी पोर्टलच्या पक्क्या मुदतीइतकी किंवा तिच्याहून मोठी ठेवा. अर्थात पत्ते पुरले पाहिजेत. चोवीस बिटांच्या सबनेटमध्ये (पत्त्यांच्या गटात) वापरण्याजोगे पत्ते २५४च असतात, आणि ये-जा जास्त असलेल्या जागी २४ तासांची लीज दुपारपर्यंत सगळे पत्ते संपवू शकते. तिथे सेशनच छोटं करणं शहाणपणाचं, किंवा सबनेट मोठं करणं.

शून्याचा अर्थही एकसारखा नाही. मायक्रोटिक आणि ओपनएनडीएसमध्ये शून्य म्हणजे मर्यादा नाही. एअरओएसमध्ये उघड्या नेटवर्कवर शून्य म्हणजे सेशन टाइमआउट बंद, पण बाकी सुरक्षा प्रकारांत त्याचा अर्थ ८६,४०० सेकंद होतो. 'शून्य टाकलंय तरी रोज एकदा तुटतं' याचं उत्तर यातच आहे.

मॅक पत्ता बदलतो तेव्हा

पोर्टल बहुतेक वेळा माणसाला मॅक पत्त्यावरून ओळखतं. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळा, बनवलेला मॅक पत्ता वापरतात. तो स्थिर राहिला तर अडचण नाही. पण नेटवर्क 'विसरा' करून पुन्हा जोडताना तो बदलू शकतो, आणि आयओएस १८ मध्ये 'रोटेटिंग' पर्याय निवडलेला असेल तर साधारण दोन आठवड्यांनी बदलतो. ९० दिवसांचं सेशन दिलं तरी अशा फोनला मध्येच लॉगिन करावं लागणार. एपीवर करण्यासारखं यात काही नाही. फोनमध्ये त्या नेटवर्कपुरता 'फिक्स्ड' पत्ता निवडायला सांगा. रोज येणाऱ्या माणसांसाठी पोर्टलऐवजी ८०२.१एक्स लावणं हा खरा उपाय, कारण तिथे ओळख खात्याची असते, पत्त्याची नसते.

उपकरणाचा मॅक पत्ता खरा आहे की बनवलेला हे ओळखायला त्याचा दुसरा हेक्स अंक बघा. तो २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता बनवलेला आहे.

खोली बदलली की लॉगिन

तीन एपी, तिघांवर एकच नाव, आणि प्रत्येकावर स्वतःचं वेगळं पोर्टल. ही मांडणी चुकलेली आहे, टाइमआउट कितीही द्या. एका एपीला दुसऱ्यावर झालेलं लॉगिन माहीतच नसतं. पोर्टल एपींवरून काढून एका गेटवेवर किंवा कंट्रोलरवर न्या आणि एपी नुसते ब्रिज (रहदारी पुढे नेणारे) म्हणून ठेवा. ८०२.१एक्समध्ये रोमिंग जाचत असेल तर पीएमके कॅशिंग किंवा ८०२.११आर (एपी बदलताना पूर्ण तपासणी पुन्हा टाळणाऱ्या सोयी) चालू करा. काही जुन्या उपकरणांना ८०२.११आर चालत नाही, म्हणून आधी एका वेगळ्या नावाच्या नेटवर्कवर तपासून घ्या.

सेशन संपतं पण लॉगिन पान येत नाही

लोक याला 'नेट बंद पडलं' म्हणतात. एचटीटीपीएस पान पोर्टलला मध्येच वळवता येत नाही. वळवायचा प्रयत्न केला की ब्राउझर प्रमाणपत्राचा इशारा देतो. एचटीटीपीएसवर वळवणं चालू ठेवलं असेल तर ते बंद करा. त्याने इशाऱ्यांपलीकडे काही मिळत नाही. फोन स्वतः एका साध्या एचटीटीपी पानाला विचारून पोर्टल आहे का ते ओळखतो. अँड्रॉइडला तिथून २०४ या क्रमांकाचं उत्तर अपेक्षित असतं. ही तपासणीची नावं 'लॉगिनशिवाय परवानगी'च्या यादीत कुणी टाकली असतील तर काढा, नाहीतर फोनला वाटतं सगळं सुरळीत आहे आणि पान कधीच उघडत नाही.

नवीन पोर्टलमध्ये याहून चांगली सोय आहे. आरएफसी ८९१० प्रमाणे डीएचसीपीचा ११४ क्रमांकाचा पर्याय फोनला पोर्टलच्या एपीआयचा पत्ता देतो आणि आरएफसी ८९०८ मधल्या उत्तरात सेशनचे किती सेकंद उरले आणि मुदत वाढवता येते का हे लिहिलेलं असतं. दोन्ही सप्टेंबर २०२० मधल्या. आयओएस १४ आणि अँड्रॉइड ११ पासून फोनांना हे समजतं.

ॲडमिन पान सारखं बाहेर काढतं

सिस्कोच्या स्वतंत्र एपीवर कन्सोल आणि व्हीटीवाय (दुरून लॉगिन करायच्या) लाइनची मूळ निष्क्रिय मुदत १० मिनिटं असते. ती 'एक्झेक-टाइमआउट' या आज्ञेने बदलते. पहिला आकडा मिनिटांचा, दुसरा सेकंदांचा. '० ०' दिलं तर सेशन कधीच संपत नाही, आणि अर्धवट तुटलेली जोडणी लाइन अडवून बसू शकते. अशा पाच लाइन अडल्या आणि तेवढ्याच चालू ठेवल्या असतील, तर सहाव्या वेळी तुम्हालाच आत जाता येत नाही. ५ ते १५ या व्हीटीवाय लाइनचा गट बऱ्याचदा वेगळा असतो, तोही बदला. ओपनडब्ल्यूआरटी या राउटर प्रणालीच्या लुसी या ॲडमिन पानाची मुदत 'सऑथ' (sauth) विभागातल्या 'सेशनटाइम' मध्ये असते, मूळ ३६०० सेकंद. बदलल्यावर कमिट (सेव्ह) करायला विसरू नका.

कार्डचे पैसे हाताळणाऱ्या जागी मात्र हात आखडता घ्या. पीसीआय डीएसएस या मानकात १५ मिनिटांच्या निष्क्रियतेनंतर पुन्हा ओळख पटवणं बंधनकारक आहे. उलट, डॅशबोर्ड दर काही सेकंदांनी स्वतःला ताजं करत असेल तर आयडल टायमर कधी संपतच नाही. 'टाइमआउट १५ मिनिटं आहे' या भरवशावर उघडं ठेवलेलं पान दुसऱ्या दिवशी सकाळीही उघडंच सापडतं.

लॉगिन करताक्षणी पुन्हा लॉगिन पान येत असेल तर टायमरला हात लावू नका. पुढच्या दोन गोष्टी तपासा. एक, एपीचं घड्याळ. बॅटरी नसलेला एपी वीज गेल्यावर जुन्याच तारखेने उठतो. त्याने दिलेली कुकी तुमच्या ब्राउझरच्या हिशेबाने आधीच मुदत संपलेली असू शकते. एनटीपी (नेटवरून घड्याळ जुळवणारी सेवा) लावा आणि एपीला त्या सर्व्हरपर्यंत पोचता येतं का ते बघा. दोन, पोर्ट. एकाच आयपी पत्त्यावर वेगवेगळ्या पोर्टने दोन एपींची पानं उघडली असतील तर ब्राउझर त्यांच्या कुकी वेगळ्या ठेवत नाही, कुकीला पोर्ट कळत नाही. दुसऱ्यात लॉगिन केलं की पहिल्यातून बाहेर. वेगळी होस्टनावं द्या किंवा दुसरं पान प्रायव्हेट खिडकीत उघडा.

आकडे किती ठेवायचे

रोजच्या कर्मचाऱ्यांच्या ८०२.१एक्स नेटवर्कवर २८,८०० सेकंद आणि २९ ची किंमत १. याहून मोठा आकडा ठेवला तर नोकरी सोडलेल्या माणसाचं चालू सेशन तेवढा वेळ जिवंत राहतं. पाहुण्यांच्या पोर्टलवर पक्की मुदत ८ ते १२ तास, आयडल ६० मिनिटं, लीज पक्क्या मुदतीएवढी. पासवर्ड नसलेल्या उघड्या नेटवर्कवर काही दिवसांची सेशनं देऊ नका. तिथे मॅक पत्ता हवेत उघडा दिसतो, आणि तो नक्कल करणाऱ्याला चालू सेशन आयतं मिळतं.

बदल लागू झाला का

नवा आकडा बहुधा नव्या सेशनलाच लागतो. आधीपासून आत असलेले जुन्या मुदतीवरच चालतात, म्हणून बदलानंतर तासाभरात आलेल्या तक्रारी मोजू नका. चाचणीचं उपकरण ॲडमिन पानावरून काढून टाका आणि पुन्हा लॉगिन करा. सगळ्यांनाच नव्या मुदतीवर आणायचं असेल तर रेडियसमधून डिस्कनेक्टचा संदेश पाठवता येतो. तो यूडीपी ३७९९ पोर्टवर जातो, आणि एपीवर त्यासाठी परवानगी व सामायिक किल्ली आधी लावलेली असावी लागते.

मग चालू सेशनची नोंद उघडून उरलेला वेळ वाचा. मायक्रोटिकवर हॉटस्पॉटच्या 'ॲक्टिव्ह' यादीत सेशनचा उरलेला वेळ, आयडल आणि कीपअलाइव्ह तिन्ही दिसतात. नवा आकडा तिथे दिसला नाही तर रेडियस किंवा दुसरं प्रोफाइल त्याला झाकतं आहे. दिसला तर सुरुवातीची लॅपटॉप आणि फोनची चाचणी पुन्हा लावा. आणि स्टार्टअप कॉन्फिगरेशनमध्ये सेव्ह केलंय का ते बघा. चालू मेमरीतच राहिलेला बदल पुढच्या रीबूटला गायब होतो, आणि ३०० सेकंदांची तक्रार परत येते.